चाळिशीचा चष्मा बसत नाही? नंबराआधी अंतर मोजा

नवा चष्मा नेलेलं गिऱ्हाईक आठ-दहा दिवसांनी दुकानात परत येतं. चष्मा घडी करून काउंटरवर ठेवतं, दोन बोटांनी नाकाची मुळी चोळतं, आणि पुढचं वाक्य मला पाठ असतं: ‘‘अहो, नंबर चुकलाय.’’

चष्म्याच्या दुकानात उभं राहून मला बावीस वर्षं झाली. नंबर चुकतो, नाही असं नाही. पण चाळिशीच्या चष्म्याच्या बाबतीत बहुतेक वेळा नंबर बरोबर असतो आणि अंतर चुकलेलं असतं. म्हणजे तपासणी एका अंतरासाठी झालेली असते आणि माणूस काम करत असतो दुसऱ्याच अंतरावर. मग तो पुन्हा डॉक्टरांकडे जातो, पुन्हा तोच नंबर निघतो, पुन्हा नवी काच बसते, पुन्हा डोकं दुखतं. वर्षाकाठी दोन-दोन चष्मे करून कपाटात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

आधी डोळ्यात काय होतं ते थोडक्यात. मराठीनं वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिलाय, ‘चाळिशी’, आणि तो नेमका आहे. बुबुळामागे जे नैसर्गिक भिंग असतं ते लहानपणी मऊ असतं. जवळ बघताना त्याच्याभोवतीचा स्नायू आवळतो, भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतू सैल पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट होतं. हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५५ मध्ये मांडलं. भिंगावर कांद्यासारखे थर जन्मभर चढत राहतात आणि ते दरवर्षी थोडं थोडं कडक होत जातं. दहा वर्षांच्या पोराला नाकापासून सात-आठ सेंटीमीटरवरचंही वाचता येतं. चाळिशीत ती ताकद निम्म्याच्याही खाली आलेली असते, आणि साठीत जवळजवळ संपलेली.

दोष स्नायूपेक्षा भिंगाच्या कडकपणाचा जास्त आहे. म्हणून डोळे गरगर फिरवण्याचे व्यायाम, त्राटक किंवा गाजराचा रस यांनी चाळिशी जात नाही. गाजर खा, चांगलंच आहे. पण त्यानं भिंग मऊ होणार नाही. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हेही तसंच. नंबर वाढतो तो वयानं, चष्मा लावा किंवा कपाटात ठेवा. साठ-पासष्टच्या आसपास तो साधारण स्थिरावतो.

आता मुद्द्याचं गणित. शंभराला सेंटीमीटरमधल्या अंतरानं भागा, त्या अंतरावर बघायला किती नंबराची ताकद लागते ते कळतं. पुस्तक ४० सेंटीमीटरवर असेल तर १०० भागिले ४०, म्हणजे अडीच. टेबलावरचा कॉम्प्युटर ६५ वर असेल तर साधारण दीड. शिलाई मशीनची सुई ३३ वर असेल तर तीन. यातली काही ताकद तुमचा डोळा अजून स्वतः देत असतो, उरलेली चष्म्यानं द्यायची. मात्र डोळ्याकडची सगळी ताकद वापरायची नसते, निम्मी राखून ठेवायची, नाहीतर अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं.

या हिशेबाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. ज्याला लांबचा नंबर शून्य आहे त्यानं प्लस अडीचचा चष्मा लावला, तर ४० सेंटीमीटरच्या पलीकडचं त्याला नीट स्पष्ट दिसूच शकत नाही. चष्म्यानं त्याचा पल्ला तिथे बांधून टाकलेला असतो. प्लस दीड असेल तर पल्ला ६५-६७ सेंटीमीटरपर्यंत जातो, प्लस एकला मीटरभर. म्हणजे ‘थोडा जास्तच नंबर द्या, पुढची दोन वर्षं बघायला नको’ म्हणणारा माणूस स्वतःच्या हातानं आपला कॉम्प्युटर धूसर करून घेत असतो.

मी स्वतः यात फसलोय. सेहेचाळीसचा असताना फ्रेमच्या दांडीचा स्क्रू बसेना. तो ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक असतो, आणि मी तो चिमट्यात धरून भोकाच्या शेजारी फिरवत बसायचो. शेजारच्या पोराला हाक मारायची लाज वाटायची. शेवटी रीतसर तपासून घेतलं आणि प्लस एकचा चष्मा केला. पेपर झकास वाचता यायला लागला, स्क्रू मात्र जसाच्या तसा. दोन आठवडे मीही मनात म्हणत होतो, नंबर चुकलाय. मग एक दिवस शिंप्याची टेप काढली आणि डोळ्याच्या कडेच्या हाडापासून चिमट्याच्या टोकापर्यंत मोजलं. २५ सेंटीमीटर. तिथे लागतात चार, आणि तपासणीचा तक्ता माझ्यासमोर धरला होता ४० वर. चूक कोणाचीच नव्हती. मी सांगितलंच नव्हतं की मला स्क्रू बसवायचेत. आता ड्रॉवरमध्ये प्लस अडीचचा वेगळा चष्मा ठेवलाय, फक्त दुरुस्तीपुरता. तो घालून गिऱ्हाइकाकडे बघितलं की चेहरा ढगात गेल्यासारखा दिसतो.

तेव्हा परत तपासणीला पळण्याआधी खालचं एकेक बघा.

मोबाईल दिसतो, पण कॉम्प्युटरसमोर मान दुखते

हा नंबरपेक्षा मानेचा प्रश्न आहे. वाचनाचा चष्मा असेल तर स्क्रीन त्याच्या पल्ल्याबाहेर पडते, म्हणून माणूस पुढे वाकतो. एकाच काचेत लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असलेला प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर जवळचा भाग काचेच्या खाली असतो, म्हणून माणूस हनुवटी वर करून बघतो आणि संध्याकाळी मानेला बाम लावतो. दोन्हीवर साधा उपाय आहे. आपल्या खुर्चीत, आपल्या नेहमीच्या बसण्यात स्क्रीनचं अंतर टेपनं मोजून तो आकडा चिठ्ठीवर लिहून न्या आणि त्या अंतराचा वेगळा एकाच नंबराचा चष्मा मागा. दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनसमोर जात असतील तर हा स्वस्तातला चष्मा महागड्या प्रोग्रेसिव्हपेक्षा जास्त कामाला येतो. दुकानदार असून सांगतोय.

चष्मा नवा करायचा नसेल तर निदान स्क्रीन खाली घ्या. मॉनिटर पुस्तकांच्या थप्पीवर चढवून ठेवायची फॅशन प्रोग्रेसिव्हवाल्यांसाठी नाही.

प्रोग्रेसिव्हमध्ये पायऱ्या हलतात, कडेचं पोहतं

बायफोकलची कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७८५ च्या एका पत्रात लिहिलंय की दोन चष्म्यांच्या काचा अर्ध्या कापून त्यानं एकाच फ्रेममध्ये बसवून घेतल्या. त्याचा फायदा? फ्रान्समध्ये जेवायला बसल्यावर ताटातलंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही, आणि चेहरा दिसला की फ्रेंच जास्त चांगलं कळतं. आपल्याकडच्या दुकानांत अजून ‘केटी’ (खालचा तुकडा गोल) आणि ‘डी’ (खालचा तुकडा इंग्रजी डीसारखा) म्हणून मागतात ती बायफोकलं त्याचीच नातवंडं. रेघ नसलेली प्रोग्रेसिव्ह काच फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ यांनी तयार केली, ती १९५९ मध्ये बाजारात आली.

प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचं, खाली जवळचं आणि मध्ये हळूहळू नंबर बदलत जाणारी एक अरुंद गल्ली असते. गल्लीच्या दोन्ही कडांना प्रतिमा वाकडी होणारच. तो काचेचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. महाग काचेत ही कड थोडी लांब ढकललेली असते, नाहीशी झालेली नसते. पहिले दहा-पंधरा दिवस डोळे तिरके करण्याऐवजी मान वळवायची आणि जिना उतरताना हनुवटी छातीकडे घ्यायची, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसते. घातल्या-काढल्यानं सवय होत नाही. सकाळी उठल्यावर लावला की रात्रीच काढायचा.

पंधरा दिवसांनंतरही पोहत असेल तर मात्र फिटिंग तपासा, आणि ते घरीही तपासता येतं. चष्मा काढून काचेवर तोंडानं वाफ सोडा आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. प्रत्येक काचेवर दोन अगदी बारीक कोरलेल्या खुणा दिसतील, गोल किंवा कंपनीच्या चिन्हाच्या, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली एक आकडा असतो, उदाहरणार्थ २०. तो जवळची वाढ, म्हणजे ‘अ‍ॅड’, २.०० आहे असं सांगतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळतोय का बघा. मग पुसता येणाऱ्या मार्करनं दोन्ही खुणांवर ठिपके द्या, चष्मा घाला आणि कोणालातरी समोर उभं करा. दोन्ही काचांवरचे ठिपके एका आडव्या रेषेत आले पाहिजेत. एका काचेचे वर आणि दुसरीचे खाली असतील तर चष्मा वाकडा बसलाय. आणि दोन्ही ठिपक्यांचा मध्य बाहुलीच्या मध्याच्या किंचित खाली, दोन-चार मिलिमीटरवर, आला पाहिजे. त्याहून बराच खाली असेल तर वाचायला मान मागे टाकावी लागते, वर असेल तर लांबचं धूसर होतं.

अर्ध्या तक्रारी नाकावरच्या गाद्या आणि दांड्या नीट वाकवून मिटतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुकानानं त्याचे पैसे घेऊ नयेत असं माझं मत आहे. मात्र फ्रेम निवडतानाच फार बुटकी घेतली असेल तर गाद्या वाकवून उपयोग नाही. जवळचा भाग काच कापतानाच कचऱ्यात गेलेला असतो.

रस्त्यावरच्या रेडिमेड चष्म्यानं डोकं धरतं

रेडिमेडला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर शून्य असेल, सिलिंडर, म्हणजे तिरपेपणाचा नंबर, नसेल, तर तो चष्मा अगदी योग्य आहे आणि स्वस्त आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना साधे जवळचे चष्मे दिले, निम्म्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची पानांची खुडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. तीही वाचनासाठी नाही, हाताच्या अंतरावरचा कोवळा कोंब ओळखण्यासाठी.

पण रेडिमेडमध्ये दोन्ही काचा सारख्याच असतात आणि दोन काचांच्या केंद्रांमधलं अंतर कारखान्यानं ठरवलेलं असतं. तुमच्या बाहुल्या त्याहून जवळ असतील तर डोळे केंद्राच्या बाजूनं बघतात, आणि भिंग प्रिझमसारखं वागायला लागतं, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवतं. प्लस दोनच्या काचेत अर्धा सेंटीमीटर सरकलं की एका डोळ्यामागे एक प्रिझम (या वळणाचं माप) पडतं. पाच मिनिटं पावती वाचायला चालतं, तासभर पोथी वाचायला नाही. एक डोळा झाकून वाचल्यावर त्रास थांबत असेल तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

चिठ्ठी वाचण्यात घोळ

चिठ्ठीवर ‘अ‍ॅड +२.००’ असलं म्हणजे वाचनाचा चष्मा प्लस दोनचा, असं नाही. ती लांबच्या नंबरात मिळवायची असते. लांबचा +१.०० असेल तर वाचनाला +३.०० लागेल. लांबचा −२.०० असेल तर बेरीज शून्य, म्हणजे चष्मा काढूनच वाचायचं. मायनसवाली मंडळी कपाळावर चष्मा चढवून पेपर वाचतात ते यामुळेच, त्यांना चाळिशी लागत नाही म्हणून नव्हे.

ज्यांनी बेचाळिशी-पंचेचाळिशीत मायनस नंबर ऑपरेशननं घालवला किंवा चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स धरली, त्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं. लांबचं लख्ख होतं आणि दुसऱ्याच दिवशी मोबाईल हातभर लांब धरावा लागतो. ऑपरेशन बिघडलेलं नसतं. जवळचं वाचायला जे मायनस मदत करत होतं तेच काढून टाकलेलं असतं.

दुसरा घोळ मशीनचा. हनुवटी टेकवून रंगीत चित्र बघायला लावतात त्या मशीनमधून निघणारी आकड्यांची पट्टी म्हणजे तपासणीची सुरुवात, शेवट नाही. जवळ बघताना तुम्हाला किती मदत लागते हे ती सांगत नाही. त्यासाठी ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून बघायची चाचणीची फ्रेम, घालून हातात तक्ता देऊनच बघावं लागतं.

सकाळी दिसतं, संध्याकाळी नाही

भर उन्हात औषधाच्या पाकिटावरची तारीख चष्म्याशिवाय वाचता येते, आणि रात्री ट्यूबच्या उजेडात तीच तारीख चष्म्यातूनही दिसत नाही. उजेडात बाहुली आकसते आणि लहान भोकातून प्रतिमा आपोआप धारदार होते. नंबर बदलण्याआधी खांद्यामागून पानावर पडेल असा एक दिवा लावून बघा. पन्नाशीनंतर वाचनाच्या जागेचा दिवा बदलणं हा चष्म्याइतकाच मोठा इलाज आहे, पण दिवा विकायला माझ्याकडे नाही म्हणून कोणी विचारत नाही.

दिवसागणिक नंबर खालीवर होत असेल तर मात्र रक्तातली साखर तपासा. साखर चढ-उतार करत असताना भिंगही फुगतं-ओसरतं, आणि त्या आठवड्यात काढलेला नंबर पुढच्या महिन्यात लागू पडत नाही. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढा. मधुमेहाचा पत्ता चष्म्याच्या दुकानात लागलेली गिऱ्हाइकं मला माहीत आहेत.

अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं

साठी-सत्तरीतले आजोबा आनंदानं सांगतात, ‘‘चाळिशी गेली बघा!’’ पेढे वाटायची घाई नको. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा गाभा घट्ट होतो, नंबर मायनसकडे सरकतो आणि जवळचं काही काळ सुधारतं. त्याच वेळी लांबचं बिघडत असतं. नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

थेंबांबद्दल हल्ली रोज कोणीतरी विचारतं. पायलोकार्पिन हे काचबिंदूसाठी जुनं वापरातलं औषध आहे. ते बाहुली लहान करतं आणि काही तास जवळचं बरं दिसतं. अमेरिकेत २०२१ मध्ये चाळिशीसाठी त्याला मंजुरी मिळाली. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका थेंबाला परवानगी मिळाली, आणि जाहिरातीत मंजुरीपलीकडचे दावे झाले म्हणून सप्टेंबरमध्येच औषध नियंत्रकांनी ती स्थगित केली. भिंग मऊ करणारं औषध ते नाहीच. अंधारात कमी दिसणं आणि डोकेदुखी हे त्याचे माहीत असलेले त्रास, आणि क्वचित दृष्टिपटल सुटल्याचीही नोंद आहे. मायनस नंबर मोठा असणाऱ्यांनी तर डॉक्टरांशिवाय विचारही करू नये.

आणि एक घरगुती कसोटी. जाड कागदाला टाचणीनं भोक पाडा, एका डोळ्यासमोर धरा आणि भरपूर उजेडात न दिसणारी ओळ वाचा. अक्षर स्पष्ट झालं तर प्रश्न बहुधा नंबराचा आहे. भोकातूनही तसंच धूसर राहिलं, ओळी वाकड्या दिसल्या, एकाच डोळ्याचं एकाएकी कमी झालं, प्रकाश चमकल्यासारखा किंवा पडदा आल्यासारखा वाटला, तर चष्म्याच्या दुकानात यायचं नाही, सरळ नेत्ररुग्णालयात जायचं. शेवटच्या तीन गोष्टींसाठी त्याच दिवशी.

तपासणीला जाताना आपलं काम सोबत न्या, हे मी सगळ्यांना सांगतो. फार थोडे ऐकतात. मागे छपन्न वर्षांच्या एक बाई आल्या होत्या, नथी बनवणाऱ्या. तीन चष्मे झाले होते, तिन्ही ‘चुकलेले’. त्यांना म्हटलं, ताई, उद्या मोती घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक डबी काढली, काउंटरवर पांढरा रुमाल पसरला आणि सोन्याच्या तारेत मोती ओवायला बसल्या. मी टेप लावली, २८ सेंटीमीटर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅड अडीच होती. ती ४० साठी चोख होती, इथे अपुरी. डॉक्टरांना फोन करून अंतर सांगितलं. ट्रायल फ्रेममध्ये प्लस तीन टाकल्यावर बाईंनी चार मोती एका दमात ओवले, पाचवा उचलला आणि मान वर केली.

‘‘पंखा धुरकट दिसतोय हो यातून.’’

म्हटलं, पंखा पुसायचा असेल तेव्हा हा काढून ठेवा.